कड्यातला किडा

एकवारूला माझा संशय आला, तो मी ओजाकोलला 'मामा' म्हटल्यामुळे.

ओजाकोल माझा सख्खा मामा नाही. माझ्या आईच्या गावचा, एवढंच. आमच्या तेसो मुलखात आईच्या गावच्या कुठल्याही बाप्याला मामाच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण एकवारूसारख्या माणसाला एवढं निमित्त पुरतं. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या उभ्या त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओजाकोलकडे, मग टेबलावरच्या मायक्रोस्कोपकडे, आणि मुलीला म्हणाला, "अन्याइट, बघून घे. न्यायाधीशही त्यांचा आणि साक्षीदारही त्यांचाच."

"पापा, आत तरी चला," अन्याइट म्हणाली.

"आत जाऊन काय करू? निकाल आधीच लागलेला दिसतोय."

मी अलुपो. अकिसिममधल्या गुरांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या आहेत, तिथे मी गुरांचं रक्त तपासते. माझ्या कामावर कुणी संशय घेतला की माझं डोकं फिरतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही लोक घेतातच. तसं पाहिलं तर संशय घेणं हा माझाच धंदा. चकचकीत कातडीचं, धडधाकट जनावर समोर आलं तरी त्याच्या रक्तात काय दडलंय ते शोधायचं, याचाच मला पगार मिळतो.

प्रकरण असं होतं. एकवारूची अन्याइट ओजाकोलच्या पुतण्याला द्यायची ठरली होती. पुतण्याला बाप नाही, म्हणून देजाची, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायच्या गुरांची, बोलणी ओजाकोल करत होता. एकवारूने त्यांच्या गोठ्यात जाऊन देजाची गुरं निवडली, त्यात एक तांबडी गाय होती. भरल्या अंगाची, शांत, गाभण. एकवारूचा जीव तिच्यावरच जडला. आता झोपेचा आजार आमच्या बाजूला पसरल्यापासून नियम असा आहे, की एका गावचं जनावर दुसऱ्या गावी न्यायचं तर त्याचं रक्त आधी माझ्या डोळ्यांखालून गेलं पाहिजे. गुरांच्या अंगात हा किडा निवांत राहतो, आणि त्सेत्से माशी तो गुरातून माणसात नेते. माणसाचं मात्र त्यात काही खरं नसतं. तर बाकीची गुरं साफ निघाली आणि तांबडीच्या रक्तात किडा निघाला.

"हरकत नाही, तिच्याऐवजी दुसरी देतो," ओजाकोल लगेच म्हणाला होता. हे तो फारच लगेच म्हणाला. त्याला मी लहानपणापासून ओळखते. तो सुखासुखी काही देतो म्हणाला की मी आधी त्याचे हात बघते. त्यामुळे मलाही यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं, पण रक्त मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण गाय ही वरवरची गोष्ट होती. खरी गाठ वेगळीच होती. पेरणीच्या सुमाराला एकवारूने बायकोला घराबाहेर काढलं होतं. माझ्या जेवणात काहीतरी घालते, म्हणून. डोकं ठणकतं, तोंडावर सूज येते, दिवसा डोळे मिटतात आणि रात्री टक्क जागा राहतो, हे सगळं हिच्या हातचं खाल्ल्यामुळे, असं तो भर बाजारात उभा राहून सांगत होता. तोतो अन्याइट, म्हणजे अन्याइटची आई, भावाच्या घरी गेली. तोतो म्हणजे आई; वडीलधाऱ्या बाईला सगळेच तोतो म्हणतात, जसं बाप्याला पापा. आमच्याकडे बाईवर चोरीचा आळ आला तर लोक तिच्याशी भांडतात. विषाचा आळ आला की भांडतसुद्धा नाहीत, नुसते तिच्या हातचं पाणी प्यायचं टाळतात. तिच्या भावजयीने तिला अंगणाच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडून दिली होती. आणि अन्याइटने दोन्हीकडच्या मंडळींना बजावलं होतं, की आईवरचा आळ उतरून ती घरी येईल तेव्हाच मी सासरी जाईन, नाहीतर तुमची गुरं तुमच्या दारात. बाजारात बसून लोकांचे कपडे शिवणारी मुलगी ती. बोलणं कमी, पण कात्री चालवल्यासारखं.

म्हाताऱ्या एकवारूला कसंबसं आत आणून खुर्ची दिली. तो बसला, काठी गुडघ्यांमध्ये धरली आणि ओजाकोलला म्हणाला, "तुझ्या गोठ्यातली एकुलती एक चांगली गाय तेवढी आजारी. बाकीची मरतुकडी सगळी ठणठणीत. गंमतच आहे."

"मरतुकडी? तुम्हीच निवडलीत की, पापा एकवारू."

"मी तांबडी निवडली. बाकीची तिच्या सोबतीला घेतली."

"अहो, मग दुसरी तांबडीच देतो. हवं तर रंग लावून देतो."

मी पाहिलं तर एकवारूची मान छातीवर आली होती आणि तो चक्क घोरत होता. ओजाकोलने मला डोळा मारला. "झालं सुरू सोंग," तो हळूच म्हणाला. आमच्याकडे देजाच्या बैठकीत मुलीकडचे म्हातारे असं करतात. समोरच्याने काही देऊ केलं आणि ते कमी वाटलं की डुलकी काढायची. समोरचा आणखी एखादी शेळी बोलला की जाग येते. एकवारू तर या खेळातला पक्का मुरलेला. मीही मनात म्हटलं, घ्या, आता माझ्या खोलीतही बैठक भरली.

"पापा," अन्याइटने त्याचा खांदा हलवला. तो दचकून जागा झाला, आणि क्षणभर आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना. मग एकदम भडकला. "काय ठरवलंत माझ्यामागे? बोला. मी ऐकत होतो."

"काही ठरवलं नाही," मी म्हणाले. "या इथे बसा आणि स्वतःच बघा. तांबडीचं रक्त आत्ताच आणलंय, कानाच्या शिरेतून काढून. तुम्हा दोघांसमोर काढलंय."

काम साधं असतं. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि दोन्हींच्या मध्ये एक पांढरा पापुद्रा धरतो. किडे असले तर तिथेच जमतात. नळी बरोबर तिथे कापायची, थेंब काचेवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि लगेच बघायचं, किडे जिवंत आहेत तोवर. अडचण एकच, की जिवंत किडा पाण्यासारखा आरपार असतो. पाण्यात पडलेला काचेचा तुकडा जसा असून दिसत नाही, तसा. रंग घातला तर दिसतो, पण रंगाने मरतो, आणि मला तर तो हलतो कसा हे बघायचं असतं.

त्यासाठी माझ्या मायक्रोस्कोपला एक सोय आहे. काचेच्या खाली एक काळी पट्टी सरकवायची, तिच्यात प्रकाशाला यायला फक्त एक बारीक गोल कडं मोकळं असतं. वरच्या भिंगातही त्याच्या जोडीचं कडं बसवलेलं असतं. आरपार वस्तूतून जाताना प्रकाश जरासा रेंगाळतो. ते रेंगाळणं डोळ्याला कळत नाही, या कड्यांच्या जोडीला कळतं, आणि जे दिसत नव्हतं ते गडद होऊन उठून दिसतं. याला फेज कॉन्ट्रास्ट म्हणतात. त्सेत्सेच्या बंदोबस्ताला आलेली मंडळी जाताना हे यंत्र इथे ठेवून गेली, आणि मी त्याला कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी दिला, कारण माझं डोकं फिरलं होतं.

एकवारूने डोळा लावला. "काळे केस दिसतायत," तो म्हणाला.

"त्या तुमच्या पापण्या आहेत. जरा मागे सरका."

तो सरकला. मी यंत्राच्या दुसऱ्या भिंगातून पाहून तांबडीचा किडा बरोबर मधोमध आणून ठेवला होता. एका जागी वळवळणारा, शेपटी झाडणारा, आजूबाजूच्या पेशींना धक्के देणारा.

"दिसला?"

"दिसतंय काहीतरी. आता ते तू मघाशी खाली काय सरकवलंस ते काढ."

मी पट्टी बाहेर ओढली. सगळं फिकट, उजळ झालं. सरावलेल्या डोळ्याला अशा वेळीही पेशी हलताना दिसतात. नवख्याला काहीही दिसत नाही.

"गेला," एकवारू म्हणाला. "आता परत घाल."

मी घातली.

"आला." त्याने स्वतः हात पुढे केला, पट्टी बाहेर ओढली, आत सारली, पुन्हा ओढली, पुन्हा सारली. मग तो खुर्चीत ताठ बसला आणि त्याचा चेहरा असा फुलला की पेरणीपासून कुणी पाहिला नसेल.

"अन्याइट, सापडली चोरी. पट्टी घातली की किडा, काढली की काही नाही. किडा गाईत नाहीच. किडा या कड्यात आहे."

ओजाकोल हसायला लागला. मला हसू आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण बाहेरून बघणाऱ्याला हे म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं.

"पापा, कड्याने किडा येत नाही. असलेला दिसतो."

"असं तू म्हणतेस. हा म्हणतो. दोघं एका गावचे."

"मग पटवून घ्यायला काय हवं तुम्हाला?"

तो तयारच होता. शर्टाची बाही वर करून त्याने हात टेबलावर ठेवला. "माझं रक्त घाल. मी माणूस आहे, गाय नाही. माझ्यातही तुझा किडा दिसला, तर किडा कड्यातलाच हे सगळ्यांसमोर ठरलं. मग आजच्या आज तांबडी माझ्या दारात."

"इथे माणसांचं रक्त तपासत नाहीत."

"बघा. घाबरली."

मला असं कुणी म्हटलं की संपलं. मी नवीन सुई काढली, त्याचं बोट टोचलं, नळी भरली, यंत्र सुरू केलं. ते फिरत होतं तेवढ्या वेळात त्याला पुन्हा डुलकी लागली. ओजाकोल म्हणाला, "एक शेळी वाढवून देऊ का? जागा होतो की नाही बघू." अन्याइटने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बघायला लागला.

मी नळी कापली, थेंब काचेवर घेतला, वर काच ठेवली. बघायचं म्हणून बघितलं.

एका जागी वळवळणारा, शेपटी झाडणारा, आजूबाजूच्या पेशींना धक्के देणारा. तसाच. त्याच्या पलीकडे आणखी एक.

एकवारू जागा होऊन माझं तोंड बघत होता. "दिसला ना?" त्याने मांडीवर थाप मारली. "दिसला. तोंडावरच लिहिलंय हिच्या. आण ती गाय, ओजाकोल."

ओजाकोलचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. आमच्या बाजूच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. "अलुपो," तो म्हणाला, "काच बदललीस ना? नीट बघ बाई. तांबडीचीच असेल."

मलाही तीच आशा होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझी चूक निघावी. न फोडलेल्या खोक्यातून नवी काच घेतली, नवी सुई, नवी नळी. म्हातारा खुशीत होता, हवी तेवढी बोटं टोच म्हणाला. पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

"पापा एकवारू," मी म्हणाले, "किडा तुमच्या रक्तात आहे. हा झोपेचा आजार आहे. तुम्हाला आजच मोठ्या दवाखान्यात जायला हवं."

"बरोबर," तो म्हणाला. "आणि कडं काढलं की बरा होईन."

त्याने पैजच अशी लावली होती की त्याच्या मरणाची खूण हाच त्याचा विजय ठरत होता. तो उठून काठी घेऊन निघालाही. मी त्याला आडवी जाणार, तेवढ्यात अन्याइट त्याच्या खुर्चीत येऊन बसली आणि तिने आपलं बोट पुढे केलं.

"आता माझं घाल. पट्टी आत आहे ना? तशीच राहू दे. कुणी हात लावू नका."

तिचं रक्त लावलं. "पापा, बघा," ती म्हणाली. तो परत फिरला, अनिच्छेनेच वाकला. पेशी होत्या, गोल, गडद कडांच्या, स्वस्थ पडलेल्या. वळवळणारं काही नव्हतं.

"आता यांचं."

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय?" ओजाकोल म्हणाला, पण तो घाबरला होता. आपल्यातही निघाला तर, हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. अन्याइट नुसती बघत राहिली. शेवटी त्याने डोळे मिटून बोट दिलं. साफ. मग मी माझं घातलं. तेही साफ. कडं तेच, पट्टी तीच, जागची हललेली नाही. एकवारू प्रत्येक काच बघत होता आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ बघत होता. माझ्या काचेला तर त्याने स्वतः पट्टी काढून, घालून, काढून पाहिली. किडा काही येईना.

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती.

"सुई दे," एकवारू म्हणाला.

या वेळी त्याने स्वतःच बोट टोचलं. स्वतः नळी भरली. मला हात लावू दिला नाही. नळी मुठीत धरून यंत्रापाशी नेली, यंत्र थांबेपर्यंत झाकणावर पंजा ठेवून उभा राहिला. नळी कापणं तेवढं माझ्याकडे दिलं, तेही नाक माझ्या बोटांना लागेल इतका जवळ येऊन. मग डोळा लावला. बराच वेळ लावून बसला. पट्टी मात्र त्याने आता ओढली नाही.

"शेपटी मारतोय," तो अखेर म्हणाला.

"हो, पापा."

"कुणी घातला?"

"माशीने. त्सेत्से चावली असेल कुठेतरी पाणवठ्यावर, झुडपांत. डोकं दुखणं, सूज, दिवसा झोप, रात्री जागरण, उगीच भडकणं, नाही नाही ते मनात येणं, सगळं त्याचंच. किडा डोक्यापर्यंत पोचला की असं होतं."

तो माझ्याकडे नाही, मुलीकडे बघत होता. "मग तुझी आई माझ्या जेवणात काय घालत होती?"

"मीठ," अन्याइट म्हणाली. "कमी पडलं की तुम्ही ताट ढकलता, म्हणून जरा जास्तच."

ओजाकोलने त्याच दिवशी आपल्या ओळखीची गाडी आणली. पैशांचं तो काही बोलला नाही, आणि मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं म्हटल्यावर, हे पाणी विकता का, असं त्याने नर्सला विचारलं. औषधाची बाटली फोडण्याआधी अन्याइटने ती बघायची, असा त्याचा हुकूम होता. ते औषध शिरेत जाताना आग लावत जातं, आणि किड्याबरोबर कधी कधी माणसालाही नेतं. शेजारच्या खाटेवरचा नावाडी असाच गेला. त्यानंतर एकवारूने भांडणं बंद केली. मी भेटायला गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "ती येऊन गेली का?" त्याने विचारलं. कोण, ते मला विचारावं लागलं नाही. आली नव्हती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे."

तो जगला. वाळून काटकी झाला, पण दिवसा जागा राहायला लागला. कण्याच्या पाण्यात आता किडा नव्हता. ही बातमी बाजारात पोचली आणि बघता बघता सगळे शहाणे झाले. आम्हाला वाटतच होतं, म्हणे. तोतोच्या भावजयीने अंगणातली वेगळी चूल मोडून टाकली आणि म्हणाली, ती तर पावसामुळे बाहेर मांडली होती. मला अशा माणसांची चीड येते. पण आळ उतरला होता, एवढं खरं. आता फक्त एकवारूने बायकोला आणायला जायचं राहिलं होतं.

असं आणायला जाताना नवऱ्याने बोकड न्यावा लागतो, जाणती माणसं न्यावी लागतात आणि बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही. ओजाकोलही त्यांच्याबरोबर गेला, कारण लग्न अडलं होतं. मला साक्षीला नेलं. किडा पाहणारी मीच होते ना. तोतोच्या भावाने अंगणात अजोनचं, म्हणजे नाचणीच्या दारूचं, मडकं ठेवलं, त्यात गरम पाणी ओतलं, आणि पुरुष आपापल्या लांब नळ्या घालून भोवती बसले. तोतो दारात चटईवर बसली. अन्याइट तिच्या मागे उभी.

जाणत्यांनी छान मांडणी केली. हा बोलला नाही, याच्या तोंडून किडा बोलला. याने हाकललं नाही, किड्याने हाकललं. आता किडा मेला, म्हणजे भांडणही मेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोकडही दोरीला ओढ देऊन ओरडला.

तोतोने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली. "अलुपो, तू तो किडा बघितलास?"

"बघितला, तोतो."

"किती दिवसांचा असेल?"

"नेमकं नाही सांगता येत. काही महिन्यांचा. आपल्याकडचा हा आजार माणसाला फार थांबू देत नाही."

"म्हणजे गेल्या वर्षी नव्हता."

"नव्हता."

"ठीक आहे. या पेरणीचं सगळं मी किड्याच्या नावावर टाकते. मनापासून टाकते." तिचा आवाज बारीक होता, पण मडक्याभोवतीच्या सगळ्यांना ऐकू येत होता. "मग ओलिंगा जन्मला तेव्हा कोण बोललं?"

नळ्यांमधून पिण्याचा आवाज थांबला. ओलिंगा तिचा थोरला. अन्याइटच्याही आधीचा. जन्मला तेव्हा रंगाने उजळ होता, आणि एकवारू सुईणीसमोर म्हणाला होता, हे माझं नाही. पुढे मुलगा बापासारखाच काळासावळा, बापासारख्याच बाकदार नाकाचा झाला, तरी एकवारूने त्याला आपल्या गुरांना हात लावू दिला नाही. ओलिंगा मोठा झाला तसा दूर जिंजा शहरात निघून गेला आणि परत आला नाही. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"जुनं कशाला उकरायचं?" एक जाणता म्हणाला.

"जुनंच आहे ते," तोतो म्हणाली. "म्हणून तर विचारतेय."

ओजाकोल माझ्याकडे सरकला. "किड्याचं काय सांगावं," तो मोठ्याने म्हणाला. "वर्षानुवर्षं आत दडून बसतही असेल. डोळ्याला दिसतो कुठे? काय अलुपो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बोकड कापला गेला असता, तोतो घरी गेली असती, अन्याइट सासरी. अन्याइट माझ्याकडे बघत होती आणि तिला काय हवं आहे ते मला कळेना. मला त्या क्षणी माझ्या कामाचा, त्या यंत्राचा, सगळ्याचा राग आला. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, ते मला आजही माहीत नाही.

"तिला विचारू नका," एकवारू म्हणाला.

तो काठीवर भार देऊन उठला. कुणीतरी त्याला धरायला गेलं, त्याने हात झटकला. "तेव्हा किडा नव्हता. तेव्हा मी होतो."

जाणत्यांची सगळी मांडणी तिथेच कोसळली. एकाने नळी मडक्यातून काढून बाजूला ठेवली. मी तोतोकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल, पण तिने कमरेची गाठ सोडली, तिच्यातून फोन काढला, बोटाने काहीतरी दाबलं आणि उठून अंगण ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मला हे ओलिंगाच्या जन्मापासून माहीत आहे," ती म्हणाली. "त्याला सांगा."

एकवारूने फोन घेतला. तो कसा धरायचा हेही त्याला धड माहीत नव्हतं. तिने त्याचा हात धरून तो त्याच्या कानाला लावून दिला. पलीकडे वाजत होतं. मग वाजणं थांबलं आणि एका पुरुषाचा आवाज आला.

"तोतो?"

"तोतो नाही," एकवारू म्हणाला. त्याचा हात तोतोने अजून धरलेलाच होता. "मी बोलतोय. तुझा बाप."